कोशातले लाल डोळे

बंगळूर, ३ मार्च १९७६

सौ. गौरास,

मी बरा हाय. प्रयोगशाळेत फळमाश्यांच्या अळ्यांसाठी मक्याची पेज शिजवतो. काम हलकं हाय.

एका जातीच्या अळ्या अशक्त. साहेब म्हणाले, यांच्या अंगातली चूल आईकडूनच मंद आलीय. मला कीव आली. आपण अशक्त पोराला देतो तसा मी अर्ध्यांना जास्तीचा गूळ घातला. त्या गुबगुबीत होऊन कोशात गेल्या. आठ दिवस झाले, कोशातून लाल डोळे दिसतात, पंख दिसतात. बाहेर एकही येत नाय. नुसत्या पेजेवरच्या उशिरा का होईना, उडाल्या.

आपल्या सुमीनं बाळसं धरलं, पण दिवसभर झोपते, असं तू कळवलंस. कशेळ्याच्या बाजारातला गूळ तिला किती देतेस? झोपेत तिचे डोळे उघडे असतात का?

पोस्टमनला दारात थांबवूनच उत्तर दे.

काळूराम