धक्क्यावरची शेवटची जागा

शनिवार, २ मे. केडगाव

जागा शिरीनला मिळाली. संध्याकाळपासून पोटात नुसती जळजळ, आणि ती दुपारच्या मिसळीची नाही.

कालव्याला शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की धरणाचं पाणी उतरतं आणि आमच्या हौशी शिडाच्या होड्यांचा धक्का अर्धा कोरडा पडतो. जागा थोड्या, होड्या फार. मग दरवर्षीचा रिवाज असा, की जी होडी हंगामात पाण्यात फिरली ती धक्क्याला राहते, बाकीच्या काठावर ओढायच्या. आज शेवटच्या जागेसाठी मी आणि शिरीन उरलो. तिच्या शिडाला ताडपत्रीचं निळं ठिगळ. माझं शीड कोरं करकरीत.

धरणकाठच्या शेतातले ऊसवाले बबनराव सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, तुमची होडी लई देखनी हाय. पन तिला पानी लागलेलं आमी काय बगितलं न्हाई!"

सगळे हसले. मीही हसले. चांगल्या वाऱ्याची वाट पाहत होते, हे कुणाला सांगणार? आणि ते तरी खरं का? त्या निळ्या ठिगळाला मी वर्षभर नावं ठेवली. ते मात्र दर रविवारी धरणभर फिरत होतं.

निघताना शिरीनने हात धरला. "अगं, माझ्या होडीला खेटून बांध ना तुझी. मधे जुने टायर टाकू."

"नको गं, लाटेने तुझ्या होडीवर आदळेल," मी म्हणाले. किती काळजीने म्हणाले! खरं तर आदळावी, असंच त्या क्षणी वाटलं होतं.