घरी आणलेले कामाचे कपडे

खेड, जि. रत्नागिरी
दि. १२ नोव्हेंबर २०२४

चि. अक्षया,

व्हॉट्सॲपवरचा तुझा मजकूर वाचला. मी बरा आहे. कुकरला पाणी किती घालावे हे आता जमू लागले आहे. भात मात्र अजून दोघांचाच होतो.

नव्या कारखान्यासाठी हातमोजे कोणते घ्यावेत, असे तू विचारलेस. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या रंगद्रव्यांच्या कंपनीत एकवीस वर्षे सुरक्षा अधिकारी म्हणून मी हेच ठरवत आलो. आधी रसायनाचे माहितीपत्रक वाच, मग मोजा निवड. चामड्याचा मोजा आम्लाला चालत नाही. तो आम्ल शोषून त्वचेशी धरून ठेवतो. पॅन्ट बुटात खोचू नये. अंगावर सांडलेले सारे बुटात उतरते.

शेवटी तू लिहिलेस, की तुझ्या सासूबाई तुझे कामाचे कपडे हौसेने हाताने धुऊन देतात. ते वाचल्यापासून चार दिवस मी हे पत्र लिहितो आहे. फोनवर हे बोलता आले नसते.

कामाचे कपडे कंपनीतच धुवायला टाकावेत, हा नियम मीच केला होता. पाळला मात्र नाही. तिथल्या धुलाईत इस्त्रीची घडी बसत नसे, आणि अधिकाऱ्याने चुरगळलेला शर्ट घालावा हे मला पटत नसे. तुझी आई मागीलदारी दगडावर ते कपडे घाशी. पाणी पिवळे होई, तिचे तळहातही. "लग्नाला तीस वर्सं झाली, पन माझी हळद काय उतरत नाय," असे शेजारच्या गंगाकाकूंना सांगून ती हसे. मीही हसलो. साडेतीनशे कामगारांचे हातमोजे मी मापे घेऊन निवडले. तिचे माप मला माहीत नाही.

आईच्या दुखण्यात मुंबईच्या डॉक्टरांनी विचारले होते, "घरात रसायनांशी काही संबंध?" तू औषधे आणायला खाली गेली होतीस. मी "नाही" म्हणालो.

दुखणे त्यानेच आले, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. या वाक्याच्या आडोशाला मी वर्षभर राहिलो. आईला हे कशाने झाले, असे तू दोनदा विचारलेस. दोन्ही वेळा मी विषय बदलला.

सासूबाईंना आजच थांबव. त्यांनी कारण विचारले, तर हे पत्र वाचून दाखव.

आईचे वर्षश्राद्ध चोवीस तारखेला आहे. येणे तुझ्या इच्छेवर. आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही. म्हणून नुसती सही करतो.

दीपक धोंडू चाळके