पाचवा उद्गार माझाच

१८ फेब्रुवारी, बुधवार

राखेचा बुधवार. आजपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. एक वेळ जेवण, चहा बंद. (चहा बंद हे लिहायला सोपं.)

परभणी स्टँडवर गाडी सुटायला वेळ होता. मुंजाजी चहा प्यायला, मी नुसता समोर बसलो. मुंजाजी ड्रायव्हर, मी कंडक्टर, एका गाडीवर बरीच वर्षं. सहज म्हणाला, "तुमच्यात देव मानसाला भेटतो म्हनतेत. खरं हाय का?" मला असा प्रश्न म्हणजे उतारावर गाडी. बाबांची साक्ष सांगितली. तरुणपणी ज्वारीच्या राखणीला बसलेले असताना, भर दुपारी, रानात चिटपाखरू नाही, आणि प्रभूनं त्यांना नावानं हाक मारली. ही साक्ष मी चर्चमध्ये सांगतो तेव्हा बायका पदर डोळ्यांना लावतात. मुंजाजीने कप खाली ठेवला. "त्ये वडलाचं झालं. तुमचं काय?"

मी म्हटलं, चल, वेळ झाली. झाली नव्हती.

२० फेब्रु., शुक्र.

मुंजाजीचा प्रश्न डोक्यातून उतरायला तयार नाही. त्याला काय, विचारून मोकळा.

गंगाखेडच्या चर्चच्या मंडळीत माझ्यासारखी प्रार्थना करणारा दुसरा नाही. हे लोक म्हणतात. मीही म्हणतो, खोटं कशाला. बारसं असो, नवं घर असो, मयत असो, "पंचांना बोलवा." पंच म्हणजे मी, चर्चचा कारभार बघणाऱ्यांतला एक. पाळकसाहेब परभणीहून महिन्यातून दोन रविवार येतात, बाकीचे रविवार उपासना मी चालवतो. माझ्या आवाजाला माईक लागत नाही. माझ्या प्रार्थनेनं लोक रडतात.

मी रडत नाही. आतून काहीच होत नाही. कळायला लागल्यापासून प्रभूशी बोलतोय, आणि पलीकडून एक हुंकार नाही. आपल्या लोकांत जो उठतो तो सांगतो, प्रभू मला अमुक ठिकाणी भेटला. मला कुठंच भेटलेला नाही. हे आजपर्यंत कागदावरसुद्धा आणलं नव्हतं.

ठरवलं. या उपवासकाळात भेट झालीच पाहिजे. नाही झाली तर उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) पाचव्या उद्गारावर उभा राहणार नाही. क्रुसावरचे सात उद्गार, दुपारी बारा ते तीन, सात जण बोलतात. पाचवा, "मला तहान लागली आहे" हा, कायम माझा. दुसरं कुणी मागतही नाही, मागून करणार काय.

२४ फेब्रु., मंगळ.

एक प्रयोग केला. कंडक्टरच्या सीटवर दोघांची जागा असते. आतली जागा कालपासून रिकामी ठेवली. प्रभूसाठी. काल जमलं, गाडीच रिकामी होती.

आज दैठण्याला एक म्हातारी चढली. गाडी फुल्ल. थेट माझ्या सीटपाशी आली आणि जागा कोणाची म्हणून विचारलं. मी म्हटलं, एक जण येणार आहे. म्हणाली, "आला की उठते की." बसली. पाय वर घेऊन पोखर्णीपर्यंत गेली, तंबाखू मळत.

प्रभू उभा राहील, म्हातारी राहणार नाही. प्रयोग बंद.

१ मार्च, रवि.

पाळकसाहेब आले होते. साक्षीच्या वेळेला कारखान्यावरच्या वॉचमनची सून उठली. लग्न होऊन वर्ष नाही. म्हणाली, भाकरी थापताना एकाएकी वाटलं की मागं कुणीतरी उभं आहे, आणि इतकं बरं वाटलं की भाकरी करपली तरी कळलं नाही. बसली. एवढीच साक्ष. धड सुरुवात नाही, शेवट नाही. मी असतो तर करपलेल्या भाकरीवरच अर्धा तास बोललो असतो.

हेवा वाटला. साधासुधा नाही.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी उद्गार वाटले. पाचवा तुमचाच, म्हणाले. मी बरं म्हटलं. अट मनात ठेवली.

१४ मार्च, शनि.

रजा टाकून चुडाव्याला गेलो. रेल्वेलाइनच्या कडेला शेतात मांडव, उपास-प्रार्थना, बाहेरून आलेले प्रचारक. रत्नाला (घरचीला) म्हटलं चल. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, ड्यूटी होती. जाताना म्हणाली, "पडायच्या जागी सतरंजी हाय का बघा आधी." तिला या प्रकारांची माहिती आहे.

प्रचारक कपाळावर हात ठेवून प्रार्थना करायचे आणि माणसं धडाधड मागे पडायची. मागे झेलायला पोरं उभी. पडलेली माणसं उठायची तेव्हा चेहरे धुतल्यासारखे. मी रांगेत लागलो. मनापासून लागलो, उगाच लिहीत नाही. डोळे मिटले. म्हटलं, प्रभू, आता. हात आला. दाबला. माझे पाय आपोआप फाकले, गुडघे सैल झाले, आणि मी जागच्या जागी. चालत्या गाडीत न धरता तिकिटं फाडण्यात जन्म गेला, मी काय पडतो! त्यांनी पुन्हा जोर दिला. मी पुन्हा तोल सावरला. ते पुढच्याकडे सरकले. झेलणारा पोरगा माझ्याकडे असा बघत होता की मी त्याची रोजी बुडवली.

परतताना चुडाव्याच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो. पडायची इच्छा होती. अगदी होती. पायांना सांगणार कसं?

१६ मार्च, सोम.

सुधाकर आला होता. रत्नाचा भाऊ, मंडळीतला दुसरा पंच, शाळेत क्लार्क. चुडाव्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली. कसं कुणास ठाऊक, पण माझ्या मनातलं त्याने ओळखलं. म्हणाला, "दाजी, उजेड दिसला म्हना. कोन तपासायलंय?"

मी म्हटलं, सुधाकर, आयुष्यभर लोकांची तिकिटं तपासली, आता मी विनातिकीट बसू का?

त्याला राग आला. मला नाही आला. उलट छाती दोन बोटं फुगली. भेट नसेल माझ्याकडे, पण खोटी भेटही नाही.

१९ मार्च, गुरु.

पाडवा. मुंजाजीने स्टीअरिंगला हार घातला आणि मला साखरेची गाठी दिली. म्हटलं, उपास. म्हणाला खिशात ठेवा. दिवसभर खिसा चिकट. शेजारच्या शेखभाईंचे रोजेही संपत आलेत. सगळे आपापल्या देवाशी नीट वागायलेत, माझंच जमेना.

२४ मार्च, मंगळ.

घसा बसला. उपास, ऊन, रोज गाडीत ओरडणं, त्यात रविवारी मी दीड तास प्रार्थना घेतली. देवाला ऐकू जात नसेल तर आवाज वाढवावा, असं काहीतरी डोक्यात होतं. आज "गंगाखेड, गंगाखेड" म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा. मुंजाजीने माझ्या वतीने आरोळ्या दिल्या.

र. ने बॅटरी लावून घसा बघितला. म्हणाली, आठ-दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही. म्हटलं (लिहून), उत्तम शुक्रवार? तिने चिठ्ठी वाचली, घडी घालून कचऱ्यात टाकली.

२६ मार्च, गुरु.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

आमच्या घरात संध्याकाळची प्रार्थना मीच करतो. लग्न झालं त्या दिवसापासून. आज तोंडाला कुलूप, म्हणून र. ने केली. मी पहिल्यांदा ऐकली. चर्चमध्ये ती मोठ्याने करत नाही, आणि घरात मी वेळच आणू दिलेली नव्हती.

ती गुडघ्यावर आली नाही. हात पुसत उभी राहिली आणि बोलायला लागली, पलीकडच्या खोलीत बसलेल्याशी बोलावं तसं. "बघ बाबा, वॉर्डातली ती पहिलटकरीण लय घाबरायली, तिच्याजवळ ऱ्हा. पोरीचा फोन न्हाई दोन दिस, तिला आठवन दे. सकाळी तुझ्यावर चिडले व्हते, त्ये धरून बसू नको. माझं चुकलं न्हाई, पन धरून बसू नको. आन् ह्यांना एकदा भेट. दमानं भेट मातर, ह्यांना सांगायची लय घाई असती. आमेन."

आणि पोळ्या लाटायला गेली.

आधी राग आला. मग हसू आलं आणि घसा दुखला. एवढी वर्षं मंडळी माझी प्रार्थना ऐकून धन्य झाली, आणि खरी प्रार्थना आमच्या स्वयंपाकघरात होती. अभिमान वाटला बायकोचा. फार वाटला. तिला सांगणार नाही, डोक्यावर बसेल. तसं बोलायलाही बंदीच आहे.

२९ मार्च, रवि.

झावळ्यांचा रविवार. मिरवणुकीत झावळी धरली, गाणं म्हटलं नाही. लोक येऊन येऊन विचारत होते, पाचव्या उद्गाराचं काय? सुधाकर म्हणाला, मी तयारी करून ठेवतो. करू दे. भेट झालेली नाही, आवाज नाही, दोन्हीकडून सुटका. घरी आलो तर सुटल्यासारखं काही वाटेना.

१ एप्रिल, बुध.

आवाज थोडा येतोय, फाटक्या ढोलासारखा. प्रभूकडून अजून काही नाही. परवा शुक्रवार.

ठरवलेलं मोडायचं की नाही? उभा राहिलो तर दरवर्षीचं तेच भाषण करावं लागेल. नाही राहिलो तर लोक म्हणतील घसा. दोन्हीत खरं काहीच नाही.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार

चर्च भरलेलं. पंखे गरम हवा फिरवत होते. सकाळपासून पाणी नाही, कुणालाच नाही, आपल्याकडची रीत. चौथा उद्गार पाळकसाहेबांचा झाला. सुधाकर कागद घेऊन उठला. त्याच्या आधी मी उठलो. पाय आपणच उठले, चुडाव्याला पडले नव्हते तेच पाय.

वेदीजवळ गेलो. रांगेतून र. बघत होती, डोळ्यांनी नको म्हणत होती. मी म्हटलं, "बाबांना प्रभू भेटला होता. मला भेटलेला नाही. इतकी वर्षं मी तुम्हाला तहानेवर पाठ केलेलं सांगत आलो. आज सांगतो, मला तहान लागलीय."

एवढंच. जागेवर येऊन बसलो.

सहावा उद्गार बोलणाऱ्याला कळेना उठावं की नाही. इतकं छोटं भाषण मी जन्मात केलेलं नाही. आणि इतका ताठ उभाही कधी राहिलो नव्हतो. घाम कानामागून ओघळत होता, पण मान वर होती. लिहितानाही वर आहे.

बाहेर पडताना पाळकसाहेबांनी हात हातात धरला आणि सोडला. सुधाकर दाराशी उभा. "दाजी, पंचपदाचं बघावं लागंल आता. ज्याला भेटच न्हाई त्यानं मंडळी कशी चालवावी?" प्रश्न चुकीचा नाही, म्हणून जास्त लागला.

फाटकापाशी मार्थामावशी थांबल्या होत्या. मंडळीतल्या सगळ्यात जुन्या, त्यांची साक्ष ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. माझी बाही धरून खाली ओढली. कानात म्हणाल्या, "मला बी न्हाई भेटला रे अजून. सांगायची लाज वाटली."

४ एप्रिल, शनि.

ड्यूटी. मुंजाजीला कालचं सांगितलं. सिंगणापूर फाटा येईपर्यंत गाडी हाकत राहिला. मग म्हणाला, चांगलं केलंत. पुढे उसाची ट्रॉली आडवी होती, तिला शिव्या देण्यात विषय गेला.

पाळकसाहेबांचा फोन. पुढच्या रविवारी पंचांची बैठक. विषय मी. म्हणाले, तोपर्यंत उपासना सुधाकर घेतील. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ही उपासना काढून घेतली तर माझ्याकडे काय उरतं ते मला माहीत नाही. भीती वाटली.

५ एप्रिल, ईस्टर

पहाटे कबरस्तानात मेणबत्त्या. बाबांच्या कबरीवर लावली. वारा नव्हता, सरळ जळली. मग चर्चमध्ये गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा शेवटच्या बाकावर बसलो. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात. सुधाकरने उपासना घेतली. बरी घेतली. आवाज पडका.

काही जण "प्रभू उठला आहे" म्हणून हात मिळवायला आले, काही जण बघून न बघितल्यासारखे गेले. करपलेल्या भाकरीवाली सून आली आणि पाया पडली. का, ते तिलाच माहीत.

घरी मटण. चहा दोन कप, सलग. जेवणं झाल्यावर र. भांडी लावत होती. तिला विचारलं, तुला प्रभू कधी भेटला?

ती वळलीही नाही. "भेटला म्हंजी? रोज भांडते की त्याच्यासंगं."

मी म्हटलं, तुझं ठीक आहे. माझ्याशी तो आजपर्यंत एक शब्द बोललेला नाही.

"म्हनून तर तुमी सगळा उपासकाळ त्याच्यावर रुसून बसलाव." आता वळली. "ओळख न्हाई त्याच्यावर कोनी रुसतंय का?"



खरं आहे, रुसलोच आहे. मुंजाजीवर नाही, सुधाकरवर नाही. त्याच्यावर. स्टँडवर आईमाईवरून शिव्या घालणारा पॅसेंजर मी पुढच्या स्टॉपला विसरतो. याचं मात्र ईस्टर आला तरी लागलेलंच आहे. परक्याचं इतकं कुणाला लागतं?

याला भेट म्हणायचं का? बैठकीत हे टिकणार नाही. यात उजेड नाही, हाक नाही, मागं कुणी उभं नाही. सुधाकर हसेल. पुढच्या रविवारी काय सांगायचं ते ठरलेलं नाही, आणि बाबांची साक्ष काही आता पुन्हा माझ्या तोंडून निघणार नाही.

संध्याकाळची प्रार्थना र. ला करू दिली. घसा बरा आहे, तरी. ती त्याच्याशी काय काय बोलत होती, मी शेजारी बसून ऐकत होतो.

उद्या पहिली गाडी माझी. रुसवा अजून गेलेला नाही.