पाण्यातलं तांबं

१४ एप्रिल १९८६
जयंतीला मूल गावी, घरी जाता आलं नाही. कारखान्याची विहीर आटली! दगडाची पूड सायनाइडच्या पाण्यात ढवळून आम्ही सोनं सोडवतो. उरलेलं पाणी मागच्या टाक्यात साचतं — आता तेच गाळून परत वापरायचं. मॅनेजर देशकर साहेब म्हणाले, "पाणी ते पाणी, कांताबाई!"

२ मे
माझ्या मोजणीत दगडातल्या सोन्याचे शंभरात चौऱ्याऐंशी भाग हाती यायचे. आज एकसष्ट. तीनदा तपासलं. तेच.

५ मे
चैतूला घरी बसवलं. जस्ताच्या पेटीत सोनं बसतं, ती पेटी तोच साफ करतो. म्हणून चोरही तोच! फाटकावर सगळ्यांसमोर धोतर सोडायला लावलं. काही सापडलं नाही. जाताना माझ्यापाशी थांबला. "बाई, मोजता तं तुमीच. मंग सांगत काऊन नाई त्याईले?"
मी वहीत आकडे लिहीत राहिले. लाज अजून जात नाही.

७ मे
फेकलेला गाळ मागवून तपासला. आधीच करायला हवं होतं. सोनं त्यातच आहे! दगडातून सुटलंच नाही, तर चैतू चोरणार काय?
साहेब म्हणाले, "मग का सुटलं नाही ते दाखवा. तोवर तो घरीच."

९ मे
दोन बाटल्या. पूड एकच, सायनाइड तेवढंच. एकीत हापशीचं पाणी, दुसरीत टाक्यातलं. काल सकाळपासून फिरवल्या.
त्र्याऐंशी — आणि एकोणसाठ!

१० मे
टाक्याच्या पाण्यात तांबं निघालं, भरपूर. आमच्या दगडात थोडं असतंच. दर फेरीला ते पाण्यात उतरतं, साचत जातं, आणि सायनाइड आधी तेच खाऊन टाकतं. सोन्याला उरत नाही. दुसऱ्या बाटलीत सायनाइड वाढवून पाहिलं — सोन्याचा आकडा लगेच वर चढला. म्हणजे तेच.

१३ मे
अहवाल दिला. खाली एक ओळ लिहिली : तांबं काढायची सोय होईपर्यंत ताजं पाणी वापरावं. साहेबांनी दोनदा वाचला. चैतूला निरोप गेला — "उद्यापासून ये." माफी? छे!

१४ मे
चैतू आला. सरळ पेटीपाशी गेला. दुपारी त्याची बायको सोनीबाई ओटीभर रानातली पिकली टेंभरं घेऊन आली. "तुमच्यानं झालं, बाई." मी दोन खाल्ली. गोड होती. बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

२६ मे
ताजं पाणी आलं. सोनं पुन्हा चौऱ्याऐंशी! पंप चैतूच्या गावच्या डोहावर बसवलाय. गावाला दुसरं पाणी नाही. सोनीबाई पाण्याची रिकामी गुंडी घेऊन फाटकावर उभी होती.
"ताज्या पान्याचा कागद तुमचाच हाय म्हनते, बाई?"
मी हो म्हणाले.