ऐकलेलं नि पाहिलेलं

जयपूर,
१२ ऑगस्ट १९८६

प्रिय प्रतिमा,

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली, कारण तेव्हा तुला चौथा महिना होता. मार्चमध्ये चाकसूच्या शीतलामातेच्या जत्रेहून परतताना माझी स्कूटर घसरली आणि डोक्याला डावीकडे मार लागला. आता काळजीचं काही नाही. पण त्यानंतर एक विचित्र प्रकार सुरू झाला. तुझी आई पाच जिन्नस आणायला सांगायची, मी दोनच घेऊन यायचो. एकदा तर दोन्ही हळदीच्याच पुड्या. स्टेशनात चौकशीच्या खिडकीवर प्रवाशाचं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटून जायची. लोक चिडायचे, मी ओशाळायचो. नोकरी जाते की काय, ही भीती मी आईलाही सांगितली नव्हती.

शेवटी तिनेच ओळखलं आणि डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चार आकडे म्हणून दाखवले. मला दोनच परत सांगता आले. मग सहा आकडे लिहून दाखवले आणि कागद झाकला, तर सहाही बरोबर. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "रंगनाथजी, ऐकलेलं क्षणभर धरून ठेवणारी जागा वेगळी, पाहिलेलं धरणारी वेगळी. तुमची पहिली दुखावली आहे, दुसरी ठणठणीत आहे. तिला मदतीला घ्या." जुन्या आठवणींना तर धक्काही नाही. तू सायकलवरून पहिल्यांदा पडलीस तो वारसुद्धा मला आठवतो.

आईने ते मनावर घेतलं. आता ती एक जिन्नस सांगते नि थांबते. मी तो मनातल्या फळीवर मांडतो: तूरडाळ, शेजारी गूळ, मग साबण. दुकानात डोळे मिटले की सगळी फळी दिसते. परवा चिठ्ठीशिवाय आठ जिन्नस आणले, तर तिने शिरा केला. साहेबांनाही मी सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी मला आरक्षणाच्या खिडकीवर बसवलं. तिथे लोक फॉर्म भरूनच आणतात. महिनाभरात एकही चूक नाही.

आता खरं कारण. काल तुझा ट्रंककॉल आला तेव्हा आई देवळात गेली होती. तुला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहात, एवढं मनात पक्कं बसलं. पण ठरवलेलं नाव आणि बारशाची तारीख तू सांगितलीस, नि आनंदात मला लिहून घ्यायचं सुचलंच नाही. फोन ठेवला तेव्हा दोन्ही गेलेली होती. आई कालपासून नाव विचारते आहे आणि मी हसून वेळ मारून नेतो आहे. तेव्हा बाळे, माझ्या नातीचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून पाठव. तारीखही लिही. अकोल्याची दोन तिकिटं मीच काढणार आहे.

तुझेच,
बाबा