खरेदीदाराच्या शंका, अनुज्ञेय मर्यादेत

३ नोव्हेंबर, सोमवार
घर विकलं गेलं. म्हणजे जवळजवळ. खरेदीदाराने टोकन दिलं, चौदा तारखेला रजिस्ट्रेशन. त्याच पैशांतून मागच्या गल्लीतलं तळमजल्याचं घर बाबांसाठी घ्यायचं. तिथल्या बाईंनी चौदापर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबांचे गुडघे इतके गेलेत की ते फक्त डॉक्टरकडे जायला उतरतात, आणि वर येताना जिन्याच्या प्रत्येक खिडकीशी देखावा बघत असल्याचं सोंग करतात. खिडकीतून मागच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते.
संकल्प: शांत राहणे. या वहीत भावना नाहीत, फक्त नोंदी.

४ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत खरेदीदाराचा फोन. एक छोटीशी शंका आहे, म्हणाला. बेडरूमच्या भिंतीला ओल आहे का? बायकोला तसं वाटलं.
एजंटला कळवलं. तो म्हणाला, मॅडम, सही जवळ आली की सगळेच कचरतात. तुम्ही फक्त गप्प बसा.
अशास्त्रीय. शंका म्हणजे माहितीचा अभाव. मी प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रं तपासते. गप्प बसून एकही यंत्र सुधारलेलं पाहिलं नाही. ओलावा मोजायचं मीटर घरी आणते.

६ नोव्हेंबर
नुसती बेडरूम मोजणं पक्षपाती ठरलं असतं. सगळं घर मोजलं. बाबांना दोनदा खुर्चीवरून उठवावं लागलं. रिपोर्ट पाठवला: ओलावा सर्वत्र अनुज्ञेय मर्यादेत.
खरेदीदार म्हणाला, मर्यादेत म्हणजे आहे ना पण? समजावलं की ओलावा प्रत्येक भिंतीत असतो. मग आकड्यापुढचं ते अधिक-उणे काय, असं त्याने विचारलं. म्हटलं, ती अनिश्चितता. ती सांगणं हा प्रामाणिकपणा. त्यावर त्याने फोन ठेवला.
म्हणजे समाधान झालं.

७ नोव्हेंबर
समाधान झालं नव्हतं. त्याला संपूर्ण चित्र हवं असणार. हॉलची फरशी बाल्कनीकडे किंचित उतरती आहे, हे आपणहून कळवलं. बाबा म्हणाले, अगं, त्याने विचारलं का? आपण इतकी वर्षं राहतोय, कुणी घरंगळलं का?
बाबांनी जन्मभर भाषा शिकवली. उताराचं गांभीर्य त्यांना नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
नवराबायको पुन्हा घर बघायला आले, सोबत एजंट. बायको बाल्कनीत बाबांजवळ बसली आणि थेट म्हणाली, काका, खरं सांगा, ओल आहे की नाही? बाबा म्हणाले, आहे की! पावसाळ्यात भिंतीवर नकाशा उमटतो. आम्ही कपाट पुढे सरकवतो. पावसाळा संपला की नकाशा जातो, कपाट मात्र तिथेच राहतं. ती खळखळून हसली.
प्रकरण हाताबाहेर चाललं होतं. मी मधे पडले आणि शेजारच्या मिक्सरच्या आवाजाचा आलेख दाखवला. आलेख तिला कळेना, म्हणून रेकॉर्डिंग ऐकवलं. पूर्ण. एजंटला खोकल्याची उबळ आली. पाणी आणून दिलं, तरी थांबेना.
जाताना जिन्यात तो म्हणाला, मॅडम, तुम्ही घर विकताय की पाडताय?
माणूस विनोदी आहे.

१० नोव्हेंबर
काल फोन करायचा नाही असं ठरवलं होतं. केला नाही. आज केला, फक्त रिपोर्टची फाइल उघडते का ते विचारायला. खरेदीदार म्हणाला, सही जरा पुढे ढकलू या का? बायकोला जिनाही जास्त वाटतोय. म्हटलं, विचार करा, घाई नाही.
घाई आहे. पण मी अस्वस्थ नाही. पंखे पुसले. सगळ्या नळांचे वॉशर बदलले. मग पंखे पुन्हा पुसले. बाबा म्हणाले, आता मला पुसू नकोस म्हणजे झालं.

११ नोव्हेंबर
खरेदीदाराने अखेर मुद्द्याचा प्रश्न विचारला: चांगल्या घराचे आकडे कसे असतात?
म्हणजे तुलनेसाठी संदर्भ नमुना हवा. तळमजल्याचं घर आहेच. अर्धी रजा टाकली, बाईंना विचारून ते मोजून आले. कोरडं, समतल, शांत. दोन्ही घरांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. नमुना कुठला हे लिहिल्याशिवाय आमच्या प्रयोगशाळेतून कोणताही रिपोर्ट बाहेर जात नाही. म्हणून वर पत्ता आणि बाईंचा नंबरही दिला.
बाबा म्हणाले, आपल्या दुकानात बसून शेजारच्या दुकानाची पाटी कशाला दाखवतेस? सांगितलं, याला तुलनात्मक पद्धत म्हणतात.

१२ नोव्हेंबर
पद्धत लागू पडली. खरेदीदाराचा फोन, आवाजच बदललेला! रिपोर्ट अप्रतिम, म्हणाला, डोक्यातला सगळा गुंता सुटला. मग तळमजल्याविषयी बरंच विचारलं: सकाळचं ऊन, पाण्याचा जोर, शेजार. बाबांची किती काळजी! सविस्तर उत्तरं दिली. जिन्याची कटकट नाही हे फार मोठं, असंही म्हणाला. म्हटलं, तोच तर मुद्दा आहे. परवा भेटूच, म्हणाला.
एजंट फोन उचलत नाही. बहुधा ओशाळला असावा.

१३ नोव्हेंबर
खोकी बांधली. बाबांनी पुस्तकं स्वतः भरली. खाली गेल्यावर रोज संध्याकाळी एकटा चालायला जाईन, तुझी गरज नाही, असं दोनदा म्हणाले. शिट्टी वाजवत होते.
मी शांत. खोक्यांना लेबलं लावली. अक्षर एकसारखं नव्हतं, म्हणून सगळी काढून पुन्हा लावली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
बाबा कठड्याला धरून उतरले, इस्त्रीचा शर्ट घालून. रजिस्ट्रेशन ऑफिसात वेळेआधी पोचलो. खरेदीदार, त्याची बायको आणि एजंट आधीच आलेले. तळमजल्याच्या बाईही. चौघं एकाच टेबलाशी सह्या करत होते.
बाईंना विचारलं, तुम्ही आजपर्यंत थांबणार होतात ना? त्या म्हणाल्या, अगं, थांबलेच होते. पण तुमचं गिऱ्हाईक हेच, हे तुमचं घर घेत नाहीत, मग तू माझं कशाने घेणार? यात चूक सापडली नाही.
खरेदीदाराने माझे आभार मानले. तुमचा रिपोर्ट नसता तर आम्ही चुकीचं घर घेऊन बसलो असतो, म्हणाला. त्याची बायको बाबांना म्हणाली, काका, चालायला बाहेर पडलात की येत जा आमच्याकडे. बाबा म्हणाले, पडलो की येईन.
नोंद: खरेदीदाराच्या शंकांचं निरसन पूर्ण झालं. पद्धतीत दोष नाही.
परत येताना बाबा पहिल्याच वळणावर पायरीवर बसले. आज सोंगही केलं नाही. मी शेजारी बसले. तेवढ्यात एजंटचा फोन. मॅडम, राग सोडा, म्हणाला. चौकात पहिल्या मजल्यावर एक घर भाड्याने निघालंय, तुमचं विकेपर्यंत काकांना बरं पडेल. मी म्हटलं, भिंती कुठल्या दिशेच्या?
बाबांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. आम्हाला पसंत आहे, म्हणाले. उद्या सकाळी दाखवा, ही ऑफिसला गेली की लगेच.
उद्या शनिवार. मला सुट्टी आहे. बाबांच्या ते लक्षात आलेलं दिसत नाही.