लढाई थांबवायची कोणी, अण्णा?

अण्णा,

आमची सून युक्रेनची आहे. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, कारण तुम्ही गेलात तेव्हा तुमचा नातू जेमतेम शाळेत जायला लागला होता, आणि त्याच्या लग्नाबद्दल तुमची एकच अट होती, मुलीला पोहे करता आले पाहिजेत. तिला येतात. कांदा जरा जास्त घालते, पण येतात. तिच्या देशात रशियाने सैन्य घुसवलं त्याला आता वर्षं लोटली आणि ते युद्ध अजून संपलेलं नाही, हेही तुम्हाला माहीत नाही. हे लिहिताना तुमचा चेहरा दिसतो. "रशियाने? आपल्या रशियाने?" असं तुम्ही दोनदा विचारलं असतंत आणि चष्मा काढून उगाच पुसला असतात. म्हणून सगळं सावकाश सांगते. इकडे अमेरिकेत, अल्फारेटात सध्या पाइनच्या झाडांचे पिवळे परागकण उडतायत, घरामागच्या डेकवरचं टेबल सकाळी पुसलं तरी दुपारी पुन्हा पिवळं होतं, आणि मला आता सावकाश लिहायला भरपूर वेळ आहे.

तुमचा रशिया मला आठवतो तो विमानाच्या कारखान्याच्या वसाहतीतला. नाशिकच्या त्या माळावर एका रांगेत आपली घरं आणि पलीकडच्या रांगेत 'रशियन लोकांची'. तुमच्याकडे तिकडची गुळगुळीत मासिकं यायची. ट्रॅक्टर, धरणं, गालांवर लाली असलेल्या बायका. त्याच कागदाची कव्हरं तुम्ही माझ्या वह्यांना घालायचात. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने ते पाहिलं आणि देव न मानणाऱ्यांचे फोटो वर्गात नकोत म्हणून सांगितलं. मी रडत घरी आले तर तुम्ही शांतपणे त्यावर ब्राऊन पेपरचं दुसरं कव्हर घातलंत. "आत रशिया, बाहेर सिस्टर. झालं?" म्हणालात. आईला हसू आवरेना.

आणि तुमचा तो मित्र. उंच, लाल मानेचा, आपल्या स्वयंपाकघरात यायचं तर चौकटीखाली वाकणारा. त्याला आम्ही सगळे रशियन काका म्हणायचो. एका रविवारी आई पोळ्या करतेय, तो ओट्याशी उभा आहे आणि मी त्याला विचारते, तुमचं घर मॉस्कोत आहे का? तो परातीतल्या कोरड्या पिठात बोट घालून एक वळणाची रेघ ओढतो. नदी. मग तिकडे दूर एक ठिपका, मॉस्को. इकडे नदीकाठी दुसरा ठिपका, घर. "रशिया देअर," तो म्हणतो, "होम हिअर. युक्रेन." तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणता, "अरे, सगळं एकच की ते!" आई म्हणते, "एकच असू दे नाहीतर दोन असू दे, माझ्या पिठातून आधी बोटं काढा." तो हसतो, हात झटकतो. आणि आम्ही पुढची तीन-चार वर्षं, तो परत जाईपर्यंत, त्याला रशियन काकाच म्हणत राहतो.

खूप नंतर, सोव्हिएत देश मोडला तेव्हा मी इथून फोन केला होता. तुमचं जगच बुडालं असेल असं मला वाटलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "आपला तो आता कुठल्या देशात गेला असेल गं?" म्हणजे ते पिठातलं चित्र तुमच्याही लक्षात होतं.

सुनेला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "त्याने नकाशा काढून दाखवला, आणि तरी तुम्ही त्याला रशियन म्हणालात?" मी म्हटलं, हो गं, प्रेमाने म्हणायचो. "आय नो, आई. सगळे प्रेमानेच म्हणायचे."

तिचे वडील दातांचे डॉक्टर आहेत. बायको गेली, लेक इथे, आणि ते मात्र त्यांच्या गावात. गाव लढाईच्या इतकं जवळ की व्हिडिओ कॉलवर मागे धडधड ऐकू येते आणि ते दोन सेकंद थांबून वाक्य पुढे सुरू करतात. त्यांच्याइतक्याच वयाचे आणि त्यांच्यासारखेच हट्टी लोक तिथे उरलेत. सून म्हणते, बाबा, निघा. ते म्हणतात, युद्ध आहे म्हणून दात दुखायचे थांबत नाहीत. त्यांच्या देशाचा अध्यक्ष सुरुवातीला, सगळं जग तो पळून जाईल म्हणत असताना, राजधानीतच राहिला. सुनेने तेव्हा त्याचा फोटो फ्रिजवर लावला होता. आता तो फोटो तिथे नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तो काही देव नाही. माझे बाबा रोज त्याला शिव्या देतात, भरतीवरून, लाचखोरीवरून. पण इतरांना इथेच थांबा म्हणाला आणि स्वतःही थांबला, एवढं ते मान्य करतात." आता वाटाघाटी चालू आहेत. त्यांत रशिया जिंकलेली जमीन तर मागतोच, पण जी अजून त्याच्या हातात आलेली नाही तीही टेबलावर मागतो. त्या न जिंकलेल्या तुकड्यात तिच्या वडिलांचं गाव आहे. त्यामुळे 'युद्ध संपणार' अशी बातमी आली की इथे सगळे आनंदाने मेसेज पाठवतात आणि ती फोन उलटा करून ठेवते.

गेल्या महिन्यात आमच्याकडे पॉटलक होतं, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचं जेवण. आमच्या इथल्या मराठी मंडळातले एक डॉक्टर आहेत, हार्टचे, नागपूरचे, आता रिटायर झालेत. पंचाहत्तरी झाली तरी सगळे त्यांना काकाच म्हणतात. मोठ्या मनाचा माणूस, पण आवाज त्याहून मोठा. डेकवर प्लेट घेऊन बसले आणि सुरू झाले.

"यार, इतकी वर्षं झाली. हा लीडर प्रॅक्टिकलच नाही. देऊन टाक ना तो भाग आणि संपव. आम्ही सर्जरीत काय करतो? पेशंट वाचवायचा तर पाय कापतो. रडत नाही बसत."

कोणीतरी म्हणालं, एकाहत्तरमध्ये रशियाच आपल्या पाठीशी उभा होता. कोणीतरी कढीत मीठ कमी आहे म्हणालं. मी सुनेकडे पाहिलं. ती अॅल्युमिनियमच्या ट्रेमधून मसालेभात वाढत होती. तिला आपली भाषा किती कळते याचा आमच्या लोकांना अंदाज नाही. आपण बोलायला लागलो की ती हसून मान डोलावते, तेवढंच त्यांना माहीत.

ती चमचा हातात धरूनच म्हणाली, "काका, कोणाचा पाय?"

मराठीत.

"त्या पायात माझे बाबा राहतात."

तुमचा नातू पटकन उठला, "काका डिडंट मीन इट. लेट इट गो, प्लीज." डॉक्टर "बेटा, बेटा, मी तर जनरल बोललो," म्हणत राहिले. ती म्हणाली, "आय नो, काका. सगळे जनरलच बोलतात." आणि त्यांच्या प्लेटमध्ये भात वाढला. रागाने नाही, नीट वाढला, वर तूप घातलं. मला तिचा इतका अभिमान वाटला आणि इतकं वाईटही वाटलं, की मी आत जाऊन उगाचच आणखी एक भांडं धुतलं.

तेव्हा मला तुम्ही आठवलात. दादाने मला पाडलंय, माझ्या पाठीवर बसलाय, आणि आई मला सांगतेय, सोडून दे, शहाणी ना तू? तुम्ही कारखान्यातून येता, सायकलही न लावता म्हणता, "खाली पडलीय तिला काय शहाणपण शिकवतेस? वर बसलाय त्याला उठव." पाहुणे गेल्यावर सुनेबरोबर ट्रे आवरताना मी तिला हे सांगितलं. तिने ते मोबाइलवर लिहून घेतलं, वडिलांना पाठवायला.

एकाहत्तरचंही सांगितलं. कोणी रशियाची आठवण काढली होती ना, म्हणून. खिडक्यांना काळे कागद, तुम्ही दिवसचे दिवस कारखान्यात, घरी आलात की अंगाला तेलाचा वास आणि डोळे तांबारलेले. मग ढाक्याची बातमी आली, मैदानात फटाके, पेढे. आणि लगेच रेडिओवर कळलं की पंतप्रधानांनी पश्चिमेकडचीही लढाई थांबवायची ठरवलंय. शेजारचे काका भडकले होते. "आणखी चार दिवस दिले असते तर लाहोरात चहा प्यायलो असतो!" तुम्ही पेढा खात म्हणालात, "तुम्ही स्वतः जाणार होतात का प्यायला?" ते आठवडाभर तुमच्याशी बोलले नाहीत. मीही रुसले होते, मला लाहोर हवं होतं. तुम्ही मला जवळ घेतलंत आणि म्हणालात, "हरणाऱ्याला कोणीही थांबवतं, बाळ. जिंकत असताना जो पुरे म्हणतो, त्याला मी मानतो." इतक्या वर्षांनी, परक्या देशात, दुसऱ्याच कोणाच्या युद्धाच्या बातम्या ऐकताना ते कळलं. तिथे पुरे म्हणू शकणारा माणूस एकच आहे आणि तो म्हणत नाही. मग जग थकून दुसऱ्याला म्हणतं, तूच म्हण.

हार्टवाल्या डॉक्टरांचा चार दिवसांनी फोन आला. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नाही. म्हणाले, "तुझ्या व्याह्यांना बधिर करायचं इंजेक्शन मिळतं का तिथे? का तसेच उपटतात?" मी सुनेला विचारलं. तिने त्यांना रविवारी घरी बोलावलं आणि वडिलांना फोन लावून हातातच दिला. अण्णा, तुम्ही असायला हवं होतंत. दोन म्हातारे, भाषा एक नाही, आणि औषधांची नावं घेऊन अर्धा तास बोलतायत. इकडून एक नाव, तिकडून "दा, दा!", म्हणजे हो, हो. मग तिकडून एक नाव आणि इकडून "अरे वा, अजून हेच वापरता?" सून मधे बसून भाषांतर करत होती, आणि बऱ्याच दिवसांनी तिचे खांदे सैल पडलेले मी पाहिले.

शेवटी डॉक्टरांना राहवेना. "विचार त्यांना, हे संपेल कधी?"

ते बोलत गेले आणि ती सांगत गेली. "म्हणतायत, मी दमलोय. आज सैन्य जिथे आहे तिथेच सगळे थांबले तरी मला झोप लागेल. पण सही करून ते घरी जाणार का, आणि दोन वर्षांनी परत येणार नाहीत हे कोण सांगणार? मागेही एकदा सह्या झाल्या होत्या."

"मग लीडरने काय करावं म्हणतात?"

ती ऐकता ऐकता हसली. "म्हणतायत, तेच तर रोज ओरडून सांगतो मी त्याला, तो ऐकत कुठे! पण खुर्चीवर पेशंट आहे, फोन ठेवतो."

डॉक्टरांनी तो बंद झालेला फोन सुनेला परत दिला. जाताना म्हणाले, "मी माझ्याकडचं काय काय पाठवता येतं ते बघतो." दारात चपला घालताना पुन्हा म्हणाले, "हट्टी आहे यार म्हातारा." पण आवाज लहान होता.

काल पुन्हा बातमी आली. वाटाघाटींची नवी फेरी, 'या वेळी नक्की' असं म्हणतायत. सून कामावरून येऊन थेट स्वयंपाकघरात आली, बूटसुद्धा न काढता, आणि ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, तुम्ही सांगा. द्यावं का त्यांनी आमचं गाव?" इतक्या वर्षांत तिने मला असं सरळ कधी विचारलं नव्हतं. मी पोळी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केला आणि तुम्ही म्हणाला असतात तेच म्हटलं. नाही. तुझ्या बाबांना विचारल्याशिवाय त्यांचं गाव कोणी कोणाला देऊ नये. तिने मला मिठी मारली. माझ्या पिठाच्या हातांचे ठसे तिच्या काळ्या कोटावर उमटले आणि ती म्हणाली, "थँक यू. मला वाटलं होतं तुम्हीसुद्धा संपवा म्हणाल."

मी खोटं बोलले नाही, अण्णा. तेच न्यायाचं आहे असं मला मनापासून वाटतं, आणि पुन्हा विचारलं तरी तेच सांगेन. पण संध्याकाळी देवापुढे दिवा लावून उभी राहते तेव्हा, सिस्टरने शिकवली तशी, अजूनही इंग्रजीत प्रार्थना करते. त्या प्रार्थनेत न्याय नसतो. गाव नसतं, सीमारेषा नसते, कोण वर बसलाय आणि कोण खाली पडलाय हेही नसतं. कसंही संपव, कोणालाही काहीही दे, फक्त त्या म्हाताऱ्याला एक बॅग घेऊन तिच्या दारात उभा कर, एवढंच मी रोज मागते. तिला हे सांगितलेलं नाही. तुम्ही समोर असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं.